आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: रात्री १० चा डोस १२ ला का लागतो

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी खानदेशातल्या एका सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, वॉर्डात सगळे सिस्टरच म्हणतात. तुमच्याकडे येणाऱ्या फाईलींमध्ये परिचारिकांच्या रिक्त पदांचा एक आकडा असतो ना, तो आकडा नाईट ड्युटीला कसा दिसतो ते सांगायला लिहितेय.

परवा मेडिसिन वॉर्डात ३८ पेशंट आणि मी एकटी. त्यातल्या १४ जणांना १० वाजताचं शिरेतून अँटिबायोटिक. लोकांना वाटतं इंजेक्शन काय, टोचलं की झालं. तसं नसतं साहेब. हात धुवायचे, केसपेपर बघायचा, नाव पेशंटच्या तोंडून ऐकायचं, ॲलर्जी विचारायची, व्हायलचं (औषधाच्या छोट्या बाटलीचं) रबर स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, १ ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन १० मिली पाण्यात विरघळवून एकही कण राहिला नाही ना ते उजेडात बघायचं, इंट्राकॅथपाशी, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीपाशी, सूज नाही ना बघायचं, आधी सलाईनने फ्लश म्हणजे नळी धुवायची, मग औषध दोन ते चार मिनिटं हळूहळू, मग परत फ्लश. नीट केलं तर एकाला दहा मिनिटं लागतातच. १४ जणांची १४० मिनिटं झाली, म्हणजे शेवटच्याला १२ वाजून २० ला, आणि तेही मधे नवीन ॲडमिशन आली नाही तर. व्हँकोमायसिन असेल तर १ ग्रॅमला कमीत कमी एक तास द्यावा लागतो, घाईत सोडलं तर अंग लालबुंद होतं, बीपी पडू शकतो.

वरचे म्हणतात, आधीच सगळी विरघळवून भरून ठेवत जा. अँपिसिलीन विरघळवलं की तासाभरात वापरावं लागतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पंख्याखालच्या ट्रेमध्ये भरलेल्या सिरिंजा ठेवायच्या? त्यात लेबल नसलेल्या १४ सिरिंजा सगळ्या सारख्याच दिसतात.

माझीच चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी असंच एकटीने वॉर्ड सांभाळताना एका बाईच्या चालू आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) लाईनमधून मी सेफ्ट्रियाक्झोन सोडलं. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, दोन्ही एकत्र चालत नाही, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. नळीत पांढरट गढूळ दिसलं, तसं लगेच क्लॅम्प लावला, लाईन काढली, डॉक्टरांना बोलावलं. बाई वाचली. पण ती नळी अजून डोळ्यासमोर येते. ज्ञान कमी पडलं नव्हतं, त्याच वेळी पलीकडे एकाला दम लागला होता आणि धावायला मीच होते.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून बीपी पडतो तेव्हा, अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा असं सगळीकडे शिकवतात. धडगाव, अक्कलकुव्याकडचा पेशंट सातपुड्यातून खाली येईपर्यंतच तो तास गेलेला असतो, मग इथे पोचल्यावर त्याने अजून सिस्टर मोकळी व्हायची वाट बघायची का?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या हॉस्पिटलला ५ खाटांमागे १ नर्स असा आहे, सुट्ट्यांसाठीची जादा पदं वेगळी. तीन पाळ्यांत वाटला तरी ३८ पेशंटला रात्री दोघी निघतात. मला त्या दोघीच हव्यात, एक औषधं तयार करायला आणि द्यायला, त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही, आणि दुसरी बाकीच्या वॉर्डाला. सोबत औषध तयार करायला चांगला उजेड असलेलं एक स्वच्छ टेबल, सिरिंजला लावायची लेबलं, आणि औषधाची जोरदार ॲलर्जी आली तर लागणारं ॲड्रेनॅलिन ट्रेमध्ये कायम. आत्ता आम्ही ड्रेसिंग ट्रॉलीच्या कोपऱ्यावर, बँडेजच्या शेजारी औषधं विरघळवतो.

परवाच्या त्या रात्री शेवटच्या बेडवर पारोळ्याकडची एक आजी होती. साडेअकराला तिने विचारलं, "ताई, मना डोस कव्हय?" (माझा डोस कधी?) मी म्हटलं, आलेच आजी. तिला लागला तेव्हा १२ वाजून ३५ झाले होते.

रिक्त पदं कधी भरणार ती तारीख कळवावी.

आपली,
नाईट ड्युटीवरची एक सिस्टर, खानदेश