आकाशपाळणा जागेवर ठेवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तलावपाळीच्या जत्रेची जी लेव्हल (व्हिडिओ गेममधला एक भाग) आम्ही बांधतो आहोत, तिच्यातला आकाशपाळणा आता तासन्‌तास फिरतो आणि आसावरून तसूभरही ढळत नाही. तुम्ही ऐरोलीत बसून आमची फाईल उघडलीत, एकेक नोड (दृश्याचा सुटा घटक) तपासलात आणि कारणांसकट टिपणं लिहून दिलीत. पाळणा नुसता दुरुस्त करून पाठवला असतात तरी आमचं काम भागलं असतं. पण निदान कसं करायचं तेच तुम्ही शिकवलंत, म्हणून हे आभार जाहीर. गोडो हे गेम इंजिन वापरणाऱ्या इतरांनाही फायदा व्हावा, यासाठी तुमची टिपणं तपशिलात मांडतो.

सगळ्यात मोलाची ठरली ती पहिली परीक्षा. वस्तू बरोबर एक फेरी फिरवायची आणि मूळ जागी परत आली का ते बघायचं. मध्ये डगमगली पण शेवटी जागेवर आली, तर दोष पिव्होटचा, म्हणजे ज्या बिंदूभोवती वस्तू फिरते त्याचा. दर फेरीला थोडी थोडी लांब जात राहिली, तर आकडेमोडीतली चूक साठत चालली आहे. पडद्यावर दोन्ही प्रकार सुरुवातीला सारखेच दिसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पिव्होट 2 सेंटीमीटर बाजूला असेल, तर चाकाचा खरा मध्य 2 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 4 सेंटीमीटरची थरथर. आमच्या मॉडेलमध्ये हे कुठून आलं तेही तुम्ही नेमकं दाखवलंत. मॉडेल बनवायच्या ब्लेंडरमधलं 'ओरिजिन टू जॉमेट्री' साध्या सेटिंगवर सगळ्या व्हर्टेक्सची (मॉडेलच्या कोपऱ्यांच्या बिंदूंची) सरासरी काढतं आणि ओरिजिन, म्हणजे वस्तूचा पिव्होट, तिथे ठेवतं. चाकाच्या एका बाजूला दिव्यांची माळ असेल, तर तिथे व्हर्टेक्स दाट असतात आणि ओरिजिन तिकडे ओढला जातो. त्यापेक्षा एडिट मोडमध्ये आसाच्या भोकाची गोल कड निवडायची, शिफ्ट एस दाबून कर्सर तिथे न्यायचा, मग ऑब्जेक्ट मोडमध्ये ओरिजिन कर्सरवर आणायचा. त्याआधी कंट्रोल ए दाबून स्केल (आकाराचं प्रमाण) पक्का करून घ्यायचा. पॅरेंटचा, म्हणजे जिला दुसरी वस्तू जोडलेली असते तिचा, स्केल तिन्ही अक्षांवर सारखा नसेल, तर त्याच्या आत फिरणारी वस्तू तिरकी ताणली जाते, आणि ते बघताना पिव्होटच हलल्यासारखा वाटतो.

आकडेमोडीचा भाग याहून खोल आहे. दर टिकला (गेमच्या हिशोबाच्या दर ठोक्याला) चालू ट्रान्सफॉर्म (वस्तूची जागा आणि फिरणं) घ्यायचा, थोडा फिरवायचा आणि तोच पुन्हा साठवायचा, ही सवय मुळाशी आहे. गोडोच्या नेहमीच्या बिल्डमध्ये वेक्टर (जागेचे आकडे) आणि बेसिस (वस्तूची दिशा आणि आकार सांगणारे तीन अक्ष) 32 बिटांचे असतात, म्हणजे जेमतेम सात अंकांची अचूकता. प्रत्येक गुणाकारात शेवटचा अंक गोल होतो. मग बेसिसचे अक्ष काटकोनात राहत नाहीत, त्यांची लांबीही बदलते. ऑर्थोनॉर्मलाइझ केल्याने (अक्ष पुन्हा काटकोनात आणि एकसारख्या लांबीचे केल्याने) आकार सावरतो, पण कोनातली चूक तशीच राहते. वस्तू एखाद्या बिंदूभोवती फिरवत असाल, तर जागाही पुन्हापुन्हा गोल होत जाते, आणि तेच सरकणं.

तुम्ही सुचवलेली पद्धत इतकी साधी आहे की ती आम्ही आता सगळीकडे लावली आहे. आमचा पाळणा 20 सेकंदांत एक फेरी घेतो. फिजिक्स सेकंदाला 60 टिक चालतं, म्हणून फेरीचे 1200 टिक. साठवायचा तो फक्त टिकचा पूर्णांक. तो 1200 ला पोचला की शून्य. कोन दर वेळी नव्याने काढायचा: टिक गुणिले 0.3 अंश. मग मूळ बेसिसवरून थेट नवा बेसिस. पूर्णांकात गोलाई नसते, त्यामुळे 1200 टिकनंतर चाक अगदी त्याच आकड्यांवर परत येतं. फेरीची वेळ टिकमध्ये पूर्ण बसत नसेल, तर कोन स्क्रिप्टमधल्या साध्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवावा, कारण तो 64 बिटांचा असतो. आणि 360 ओलांडल्यावर शून्य न करता 360 वजा करावेत. शून्य केलं तर दर फेरीला उरलेला तुकडा हरवतो आणि पाळणा गाण्याच्या ठेक्यामागे पडत जातो.

चाकावरचे 12 पाळणे, म्हणजे बसायचे डबे, सरळ लटकते ठेवायचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. ते चाकाचे चाइल्ड करून (चाकाला जोडून) उलटे फिरवले की दोन फिरण्यांच्या चुका एकमेकींवर चढतात. तुमच्या रचनेत चाकाच्या कडेला 30 अंशांच्या अंतराने 12 मार्कर (जागा दाखवणाऱ्या खुणा) आहेत, आणि चाकाबाहेरचा प्रत्येक पाळणा आपल्या मार्करची फक्त जागा उचलतो, फिरणं उचलत नाही. त्यामुळे तो सरळच लटकतो. झुलवायचं असेल, तर वरून साइन लहरीचे 3-4 अंश द्यायचे. खेळाडू आत उभा राहणार, म्हणून पाळणा ॲनिमेटेबल बॉडी (स्क्रिप्ट सांगेल तशीच हलणारी वस्तू) हवा. रिजिड बॉडी (फिजिक्सच्या हवाली केलेली वस्तू) धक्क्याने जागा सोडते आणि बिजागरीचा जॉइंट ती पूर्ण परत आणेलच असं नाही.

ग्रिडबद्दलची, म्हणजे वस्तू मांडायच्या चौकटींच्या जाळीबद्दलची, टीप छोटी, पण फार कामाची. 3 बाय 2 चौकटींची वस्तू 90 अंशांत फिरवली की अर्धी चौकट सरकते, कारण एक बाजू विषम आणि दुसरी सम. दोन्ही बाजू सम किंवा दोन्ही विषम ठेवाव्यात. 15 अंशांनी फिरवताना जागेचं स्नॅप (चौकटीला आपोआप चिकटणं) बंद ठेवावं.

लेव्हलचा शून्यबिंदू, जिथून सगळ्या जागा मोजल्या जातात, तो आम्ही तलावाच्या मधोमध आणला आहे. कारण शून्यापासून लांब गेलं की अचूकता घटते: 16384 मीटरवर 32 बिटांचे दोन शेजारचे आकडे जवळजवळ 2 मिलिमीटर लांब पडतात. आता आमची कुठलीही फिरती वस्तू शून्यापासून 400 मीटरच्या आतच आहे. दुरुस्त फाईल तुमच्या टिपणांसह सोबत जोडली आहे. पाळण्याच्या दाराची बिजागरी एकदा डोळ्याखालून घालाल का?

तुमचे ऋणी,
जत्रेच्या लेव्हलवर काम करणारे आम्ही सगळे, ठाणे