अर्धी भिंत तुझ्यासाठी ठेवलीय

प्रिय झिला,

तुझं नाव इथे लिहीत नाही, आमच्या मालवणीत पोराला हाक मारतात तसं झिलाच म्हणते. कोणी कौतुक करायला लागलं की तू खाली वाकून सायकलची चेन तपासायला लागतोस, हे मी सावंतवाडीत बघितलंय. आभार मात्र चारचौघांतच मानायचे, हे मी डिसेंबरातच ठरवलं होतं. लिहायला श्रावण उजाडला.

तुला आठवत असेलच. मोती तलावाच्या काठी सकाळी साडेसातला, गाव दाखवायला नेतोस त्या तुझ्या इलेक्ट्रिक सायकली उभ्या होत्या आणि मी भाचीचा हात धरून लांबूनच बघत होते. वय 62, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला, सायकल शेवटची चालवली ती लग्नाआधी. भाचीने आधी दुसऱ्या एका सायकल सहलवाल्यांना फोन केला होता. त्यांनी वय विचारलं आणि साठीच्या वरच्यांना घेत नाही म्हणून सांगून टाकलं. मी शेजारीच बसले होते, सगळं ऐकू येत होतं. त्यानंतर चार दिवस मी या विषयावर बोललेच नाही. मग भाचीने तुला फोन लावला. वय तिने आपणहून सांगितलं, तेव्हा तू फोन माझ्याकडे द्यायला सांगितलास आणि विचारलंस, "काकी, गुडघो किती वाकता?"

अरे, ऑपरेशननंतर डॉक्टर सोडून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात, दुखतं का. जमेल का, असंही विचारतात. तू विचारलंस किती वाकतो, म्हणजे मला न्यायचं हे तुझं आधीच ठरलं होतं, फक्त कसं न्यायचं तेवढं बघायचं होतं. त्या सकाळी मधली दांडी नसलेली सायकल तू बाजूला काढून ठेवली होतीस, म्हणजे पाय उचलून टाकावा लागणार नाही. सीट दोन बोटं वर घेतलीस. मी घाबरले, म्हटलं पाय जमिनीला टेकणार नाहीत. तू सांगितलंस की सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, वर असली की कमी. मग मला तलावाच्या कडेने दहा मिनिटं नुसतं चढायला-उतरायला लावलंस, मोटर बंद ठेवून. बाकीचे चौघे पुण्याचे पाहुणे ताटकळत होते. त्यांना तू शांतपणे सांगितलंस की आज सगळ्यांनी काकींच्या वेगाने जायचं आणि काकी माझ्या लगेच मागे राहतील. सगळ्यात सावकाश माणसाला सगळ्यात मागे ठेवलं की ते धापा टाकत राहतं, हे तुला ठाऊक होतं.

इलेक्ट्रिक सायकल म्हणजे लहान स्कूटर, असं मी समजत होते. तू नीट समजावलंस. 250 वॅटची मोटर चाकाच्या मधोमध, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, म्हणून लायसन्स लागत नाही की नंबर प्लेट लागत नाही. पेडल मारलं की मोटर हातभार लावते, थांबलं की थांबते. "घाबरू नकात काकी, ब्रेक दाबल्यार मोटर आपोआप बंद पडता," असं म्हणून तू मला तीन वेळा ब्रेक दाबून बघायला लावलंस. तिसऱ्या वेळेला माझा हात थरथरायचा थांबला. पहिलं पेडल मारलं तेव्हा पाठीवर कोणीतरी हलकेच हात ठेवून ढकललं असं वाटलं. बाबा शिकवायचे तेव्हा असाच हात असायचा.

सावंतवाडी मला काय नवी? मुंबईला जाण्याआधी दर बाजाराला आम्ही इथेच यायचो. पण तेव्हा एसटीतून उतरायचं, सामान घ्यायचं, परतीची गाडी धरायची. रिक्षातून तर काहीच दिसत नाही. चालत जावं तर गुडघा दोन गल्ल्यांत बोलायला लागतो. सायकलवरून मात्र भिंती आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि ही सायकल आवाज करत नाही म्हणून आळीतले आवाजही कानावर पडतात. चितार आळीत शिरलो तेव्हा आतून लेथचा घुर्र आवाज येत होता, ओल्या रंगाचा वास येत होता. पांगाऱ्याचं लाकूड तू माझ्या तळहातावर ठेवलंस. एवढा मोठा तुकडा आणि वजन जणू पापडाचं! एक बाई लाकडी आंब्यांना देठाकडून रंग चढवत होत्या. आधी हिरवा, मग पिवळा, आणि गालावर लालीचा एकच हात, तोही बोटाने पुसून घेतलेला. माझ्या लहानपणच्या भातुकलीतलं सगळं याच आळीतलं होतं. पण ते कोणीतरी असं बसून रंगवत असेल हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, दाखवताना तू घाई केली नाहीस, तेही लक्षात राहिलं. दशावताराचे दहा संच, एकेकात बारा पानं, मिळून 120 गोल पानं. पुण्याच्या काकांना खेळाचे नियम हवे होते, तू तेही सांगितलेस. मला तू जुनं पान कसं बनवायचे ते सांगितलंस: कापड, चिंचोक्याची खळ, खडूची पूड, घोटाई, वर लाख. ही कला जवळजवळ संपत आली होती, तेव्हा राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी स्वतः त्यात उतरले, म्हणून आज ही पानं आणि आळीतली खेळणी दोन्हींना भौगोलिक मानांकनापर्यंत पोचता आलं. सांगताना तुझा आवाज बदलला होता. तू हे पाठ करून सांगत नव्हतास.

आता त्या भिंतीबद्दल. कुठली ते तुला कळलं असेल. उभ्या बाजाराकडून पुढे गेल्यावर डाव्या हाताला, पोरांनी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या जुन्या कलेच्या, ढंगात रंगवलेली. बाजूने दाखवलेले चेहरे, टोकदार नाकं, आणि डोळे एवढे मोठे की ते बघणाऱ्याकडेच बघतायत. मी म्हटलं, किती छान. तू म्हणालास, काकी, जवळ या. आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला आलेला फुगा दाखवलास. नखाने हलकेच टोचलास तर पापुद्रा सुटून आला, मागे पांढरी खारी भुकटी. मग तू पाण्याच्या बाटलीतून चार थेंब शेजारच्या उघड्या चिऱ्यावर टाकलेस. थेंब बघता बघता आत गेले, डाग तेवढा राहिला. गिलाव्यावर टाकलेस ते ओघळून खाली आले.

जांभा पाणी पितो. मागे मातीचा भराव असला की भिंत मागूनही पिते, आणि ते पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं आणि रंगाला ढकलतं. वरून आमचा पाऊस. म्हणून इथली पोरं दिवाळी उलटल्यावर, भिंत वाळल्यावरच कुंचला हातात घेतात, आणि तरी दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळ चित्र खाऊन टाकतं. पुण्याच्या ताईंनी विचारलं, मग एवढी मेहनत कशाला? तू म्हणालास, परत काढतात. जुन्या देवळांतली कावी तू तिथेच समजावलीस: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या काव मातीचा थर, तो ओला असताना खरवडायचा, की खालचा पांढरा चुना रेघ होऊन उमटतो. ती टिकते, कारण ती भिंतीवर बसलेली नसते, भिंतीतच असते. मी हे सगळं वहीत लिहून घेतलंय.

मग तो चढ. आमच्याकडे त्याला घाटीच म्हणतात. मी सकाळपासून मोटर सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवली होती, तू दोनदा सांगूनही. निम्म्या घाटीत बॅटरी संपली आणि सायकल एकदम लोखंडासारखी जड झाली. मला रडू फुटणार होतं. वाटलं, त्या फोनवरच्या माणसाचं बरोबर होतं. तू खाली उतरलास, म्हणालास, "काकी, तुमी माझी घेवा, मी तुमची हाणतंय." आणि ती मेलेल्या बॅटरीची जड सायकल, माझ्या उंचीला लावलेल्या सीटची, गुडघे छातीला लागत असताना तू वरपर्यंत चालवत आणलीस. शर्ट पाठीला चिकटला होता. कोणाला एक शब्द बोलला नाहीस. वर पोचल्यावर मला म्हणालास, चढ तुम्ही चढलात काकी, मोटर फक्त सोबत होती.

तिथे सावलीत बसून सोलकढी पिताना तू सहज विचारलंस, "तुमच्याकडे गणपतीची भिंत कोण रंगवायचो?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे, झिला.

आमचो बापूस रंगवायचो. श्रावण लागला की गणपती बसतो ती भिंत चुन्याने पांढरी करायची, मग काव लावलेला दोरा एका टोकाला मी धरायचा, दुसऱ्या टोकाला त्यांनी, ताणून मधेच उचलून फटकन सोडायचा. भिंतीवर तांबडी सरळ रेघ. मग दोन्ही बाजूंना सिंह, त्यांच्या पायाशी कमळं, वरून वेल. तांबड्याला काव, पिवळ्याला पिवडी, निळ्याला कपड्यांची नीळ, काळ्याला करवंटीचा कोळसा वाटून. कुंचला सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, ठेचून ठेचून मऊ केलेला. सिंहाचे डोळे सगळ्यात शेवटी, गणपतीच्या शाळेत मूर्तीची आखणी करतात तसे, आणि तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही. बाबा गेले, मी मुंबईला गेले, भावाने घराला ऑइल पेंट काढला. थर्माकोलची मखरं आली. 2018 ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आम्ही कापडाचा पडदा आणला. भिंत आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवशी तुला सांगताना ती वेल कशी फिरायची हे माझ्या बोटांनी हवेत काढून दाखवलं, आणि तू ते बघत राहिलास. मग म्हणालास, पिंगुळीक जावा एकदा.

गेले, कुडाळ तालुक्यातल्या त्या पिंगुळी गावाला. जानेवारीत, एसटीने. ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीच्या पोथ्या बघितल्या, चामड्याच्या बाहुल्या बघितल्या. 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातमी वाचली होती, कुडाळ आमचाच तालुका म्हणून आनंदही झाला होता, पण वीस रुपयांच्या तिकिटाच्या अंतरावर असून गेले नव्हते. पोथीतलं एक पान हातभर अंतरावरून बघितलं. कागद कडांना तपकिरी झालेला, पण डोळ्यांची काळी रेघ अजून तशीच ठसठशीत, कुठे न थांबता एका दमात ओढलेली. बाबांच्या सिंहांचे डोळे असेच होते. त्यांनी ते कुठे बघितले असतील हे आता विचारायला कोणी नाही. नवरात्रात देवळात चित्रकथी सांगायला येणाऱ्यांकडेच बघितले असतील, असं मी माझ्यापुरतं धरून चालले आहे.

आणि जूनमधला तो रात्रीचा फोन. तुझा सीझन संपलेला, तू दमून घरी आलेला, मी विचारलं की ऑइल पेंटवर चुना मारू का. वीस मिनिटं बोललास. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, सुटून येईल, आधी पॉलिश पेपरने घासून खालचा गिलावा उघडा करा, मग पातळ चुन्याचे तीन हात, आणि कावेत थोडा डिंक, नाहीतर हाताला लागत राहील. गुडघ्यावर बसून घासू नका, खालचा भाग पोरांकडून करून घ्या, हेही सांगितलंस.

तसंच केलं. भावाच्या नातवंडांनी सहा बाय चार फुटांचा तुकडा घासून दिला, आठवडा लागला. चुन्याचे तीन हात झाले. परवा दोरा ताणला, एक टोक मी धरलं, दुसरं टोक सात वर्षांच्या पोरीने. सोडायचं काम तिने केलं. रेघ जरा तिरकी आली, तशीच ठेवलीय. डावीकडचा सिंह आणि वेल झाली. निळीचा रंग बाबांसारखा जमला, पिवडी अजून फिकी आहे.

उजवी बाजू कोरी आहे. मुद्दाम ठेवलीय. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत कधीही ये, सायकलने आलास तर बॅटरी लावायला पडवीत पॉइंट आहे. जेवायला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करते. येताना तुझ्या आईलाही आण. डोळे तू आलास की काढू.

तुझी,
बुटक्या सायकलवाली काकी