विश्वामित्रीचं दुखणं पुरापुरतं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ च्या पुरापासून बडोद्यात विश्वामित्री नदीची चर्चा म्हणजे पाणी किती फूट चढलं आणि मगर कुणाच्या अंगणात आली. पात्र रुंद केलं, गाळ काढला, ठीकच झालं. पण नदी आजारी पडते ती साध्या सरींनी. आजवा जलाशयाचं पाणी सोडलं की दरवाजांकडे बोट दाखवता येतं. शहरातून उतरणाऱ्या पाण्याला असं दार नाही.

जूनची पहिली जोरदार सर पडून गेली की काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली बघावं. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची धूळ, गुटख्याच्या पुड्या, सगळं कांसांमधून, म्हणजे शहरातलं पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांमधून, एकदम नदीत येतं. पाण्यावर रंगीत तवंग, कडेला फेस. या घाणीतलं जे कुजतं ते पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात.

१०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. दांडिया बाजारातल्या वाड्यांत त्यातलं बरंचसं मागच्या अंगणात जिरायचं. आता वाड्यांच्या जागी फ्लॅट आणि गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक. आमच्या आवारात तर कडुनिंबाच्या बुंध्याशीही वीतभर माती सोडलेली नाही, वर ‘किती स्वच्छ दिसतं!’ हे कौतुक. पावसाळ्यात जिरलंच नाही तर हिवाळ्यात नदीला झरे कुठून मिळणार? मग जानेवारीत पात्रात उरतं ते सांडपाणी. भर उन्हाळ्यात एखादी कांस वाहताना दिसली तर तिच्यात कुणाचं तरी गटार सोडलेलं असणार, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

त्यावर आपला आवडता इलाज म्हणजे स्लॅब. वास बंद, तक्रार बंद, आणि आत कोण काय सोडतं तेही दिसत नाही. काठांनाही काँक्रीट केलं तर मगरींनी अंडी घालायची कुठे?

महापालिकेने भूखी, रूपारेल, मसिया या कांसांपासून सुरुवात करावी. पावसाआधी सगळ्या कांसांची पाहणी करून कोरड्या दिवसांत वाहणाऱ्यांची वॉर्डवार यादी जाहीर करावी आणि त्यातली गटारांची जोडणी तोडावी. उघड्या कांसांवर नवा स्लॅब नको, काठ जमेल तिथे मातीचेच ठेवावेत. आणि इमारत वापरायची बी.यू. परमिशन देण्याआधी अधिकाऱ्याने शोषखड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते जिरतं का बघावं. नुसता नकाशावरचा गोल मोजू नये.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे