रविवारची माथेरान भटकंती : नेरळला कसं यायचं

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता नेरळ स्टेशनबाहेर टॅक्सी स्टँडपाशी जमायचं आहे.

लोकल कर्जत किंवा खोपोलीचीच पकडा. इंडिकेटरवर ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा. कल्याणनंतर दोन्ही मार्ग फुटतात. घाईत ‘एन’मध्ये चढलात तर थेट टिटवाळ्याच्या गणपतीचं दर्शन! अंबरनाथ, बदलापूर लोकलही उपयोगाच्या नाहीत, त्या वांगणी-शेलूच्या अलीकडेच संपतात. मेगाब्लॉकची सूचना आदल्या रात्री पाहून ठेवा.

नेरळहून सुटणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते. त्यामुळे शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारींना बंदीच आहे. तिथून जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत मिनी ट्रेनचीच शटल (छोटी फेरी) पावसाळ्यातही मिळते, पण आपण रुळांच्या कडेने चालत जाणार आहोत. लाल चिखल कपड्यांवरून सहजी जात नाही, पांढरे बूट घरीच ठेवा. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खुशाल शटल घ्यावी, कोणी हसणार नाही.

लोकलचं परतीचं तिकीट सकाळीच काढा, रविवारी संध्याकाळी नेरळच्या खिडकीवर मोठी रांग असते. दस्तुरीच्या प्रवेश करासाठी सुटे पैसे ठेवा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, टॅक्सींचा हिशोब करायचा आहे.