रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे मोकळे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात सोलापूरच्या एखाद्या रस्त्यावर वाळलेला कडुनिंब दिसला की लोक उन्हाला दोष देतात. पण कडुनिंब आपल्याच मुलखातले झाड आहे, चाळिशीपारचा उन्हाळा त्याला नवा नाही. ते मरण्याचे कारण बहुतेक वेळा दोन-तीन वर्षे आधीच घडून गेलेले असते. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलेले असते, केबलसाठी चर खोदलेला असतो किंवा रोषणाईची तार काढायची राहून गेलेली असते. मधल्या काळात झाड हिरवेच दिसते, त्यामुळे त्या कामाशी त्याच्या मरणाचा संबंध कुणी जोडत नाही. हा उशीर का होतो, ते झाडाच्या रचनेत स्पष्ट दिसते. पावसाळ्याआधीची कामे आता सुरू होतील, म्हणून हे पत्र.

खोडाच्या आत दोन वेगळ्या वाटा आहेत. पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजे लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढतात. या नळ्या मृत पेशींच्या असतात. पाण्याला वर ढकलणारा पंप झाडात नाही. पानांतून बाष्प उडते आणि त्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. मुळांनी घेतलेल्या पाण्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग असा पानांतून हवेत जातो. पानांनी तयार केलेली साखर मात्र सालीच्या लगेच आत असलेल्या रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. या पेशी जिवंत असतात आणि त्यांचा थर काही मिलिमीटरचाच असतो. या दोन वाटांमध्ये कॅम्बियमचा अतिशय पातळ पदर असतो. तो आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. खोड जाड होते ते त्याच्यामुळे.

आता खोडाभोवती तार आवळली तर काय होते ते पाहा. लाकूड शाबूत असते, त्यामुळे पाणी वर जात राहते आणि पाने हिरवी राहतात. साखरेची उतरण मात्र बंद होते. मुळे साठवलेल्या पिठूळ द्रव्यावर, म्हणजे स्टार्चवर, दिवस काढतात. तो साठा संपला की नवी बारीक मुळे फुटत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पाने पाणी मागतात तेव्हा ते द्यायला मुळे उरलेली नसतात. काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतचा उशीर पडतो तो यामुळे.

हे ओळखायला उपकरण लागत नाही. तारेच्या वर खोड फुगलेले आणि तारेखाली बारीक राहिलेले दिसले, की साखर वरच अडकते आहे असे समजावे. वरची फुगी बोटांना गुळगुळीत लागते, कारण तिथे नवी साल भराभर वाढते. तारेखालची साल जुनी, खरबरीत राहते. सतराव्या शतकात माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने खोडावरून सालीचे कडे काढून हीच फुगी पाहिली होती. अशी तार दिसली तर ती ओढून काढू नये, साल सोबत निघते. कटरने ती तीन-चार ठिकाणी तोडावी, सुटे तुकडे काढावेत आणि सालीत रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. जाहिरातीच्या पाटीचा खिळाही असाच वाढत्या लाकडात गडप होतो. झाडाची उंची फक्त शेंड्यांशी वाढते, त्यामुळे दीड मीटरवर मारलेला खिळा २० वर्षांनीही दीड मीटरवरच सापडतो. झाडाबरोबर तो वर सरकेल, ही समजूत चुकीची आहे.

सगळ्यात जास्त नुकसान काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकमुळे होते. मुळे खोल जातात असे आपण धरून चालतो, पण पाणी आणि खनिजे शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या अर्ध्या मीटर मातीत, फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांच्या टोकामागच्या पट्ट्यात मूलरोम असतात. हे केसांसारखे रोम काही दिवसच टिकतात, म्हणून मुळाचे टोक सतत पुढे वाढत राहावे लागते. ही वाढ साखर जाळून होते आणि साखर जाळायला मातीत प्राणवायू लागतो. सोलापूरची काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात. उघडी माती पुन्हा सुकते, भेगाळते, हवा घेते. वर काँक्रीट असेल तर पाऊस आत जात नाही. शेजारची पाइपलाइन गळत असेल तर उलटेच घडते, पाणी तुंबून राहते आणि मुळे गुदमरून कुजतात. शिवाय बुंधा दरवर्षी जाड होतो, काँक्रीटचे कडे होत नाही. काही वर्षांत तेच कडे तारेसारखे सालीला आवळते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढण्याचे आदेश दिले होते. सोलापुरात निदान तेवढी जागा तरी प्रत्येक झाडाला मिळावी. मोठ्या वडा-पिंपळाला एक मीटर अपुराच आहे, पण सुरुवात तिथून होऊ शकते.

काँक्रीट काढायचे कसे, यावर बरेच अवलंबून आहे. जेसीबी आणि ब्रेकर बुंध्याजवळ आणूच नयेत. छिन्नी-हातोड्याने लहान तुकडे करून बाहेरून बुंध्याकडे यावे. काँक्रीटखालची माती १०-१५ सेंटिमीटरपेक्षा खोल उकरू नये. उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने लगेच झाकावीत, मे महिन्याच्या दुपारी ती तासाभरात सुकू शकतात. शक्य असेल तर हे काम जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर करावे. मोकळ्या मातीवर पाच-सात सेंटिमीटर कुजलेले खत किंवा पालापाचोळा पसरावा, मात्र बुंध्यापासून एक वीत दूर. मातीचा ढीग बुंध्याला टेकला तर साल सतत ओली राहून सडते, आणि सालीबरोबर रसवाहिन्या जातात.

चरांचे गणित सोपे आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजावा आणि निदान त्याच्या सहापट अंतर सोडून खोदावे. खोड ३० सेंटिमीटरचे असेल तर १.८ मीटर. त्याहून जवळून केबल न्यायचीच असेल तर आडवे बोअर मारून मुळांच्या खालून, एक मीटर खोलीवरून न्यावी. एका बाजूची मुळे तुटली की पाणी कमी पडते, जलवाहिन्यांतल्या ताणलेल्या स्तंभात हवेचे बुडबुडे शिरतात आणि त्या नळ्या निकामी होतात. मुळांपासून सर्वांत लांब असलेला शेंडा आधी वाळतो. वरून खाली वाळत येणारे झाड दिसले तर आधी बुंध्याभोवती काय खोदले गेले ते विचारावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कडुनिंबाचे कोवळे शेंडे तपकिरी होऊन करपतात तो बुरशीचा रोग वेगळा. तो एकाच वेळी अनेक झाडांवर दिसतो आणि बहुतेक झाडे पुन्हा पालवतात. ती झाडे मेली समजून तोडू नयेत. शंका असेल तर फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवा, ओलसर पदर असेल तर फांदी जिवंत आहे.

आता छाटणीबद्दल. वीजतारांसाठी फांद्या तोडाव्या लागतात, याला आमचा विरोध नाही. पण त्या एप्रिल-मेमध्ये तोडणे झाडाला फार महाग पडते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि लगेच नवी पालवी काढतो. ही पालवी साठ्यातल्या स्टार्चवर उभी राहते. पाने पूर्ण उघडून आपला खर्च भरून काढू लागतात, नेमकी तेव्हाच मान्सूनपूर्व छाटणी येते. दुसरी पालवी काढायला साठा उरत नाही, आणि सावली गेलेली साल भर उन्हात भाजून फुटते. हीच छाटणी डिसेंबर-जानेवारीत, पालवीच्या आधी उरकावी, आणि एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त पानोळा काढू नये. पावसाळ्यापूर्वी मग फक्त मोडलेल्या, धोकादायक फांद्या पाहाव्या लागतील.

फांदी तोडताना तीन काप घ्यावेत. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, आरपार. या दोन कापांमुळे फांदीचे वजन सुटते आणि खोडाची साल सोलून निघत नाही. तिसरा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या सुजेसारख्या वळ्याच्या बाहेर घ्यावा. त्या वळ्यातून कॅम्बियम नवी साल फुगवत आणते आणि घाव झाकते. खोडाशी सपाट कापले तर वळा जातो, हातभर ठूठ ठेवले तर ते कुजत आत जाते. डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची गरज नाही. शेंडाच उडवला तर खाली फुटणारे झुबके वरवरच्या थरातून आलेले असतात, त्यांचा लाकडाशी खोल सांधा नसतो. पुढच्या वळवाच्या वाऱ्यात आधी तेच मोडून तारांवर पडतात.

दुभाजकांतल्या पामांना वेगळा नियम लावावा लागतो. त्यांच्या खोडात कॅम्बियम नसते, वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात. त्यामुळे पामावर झालेला घाव कधीच झाकला जात नाही. वाढीचा कोंब एकच, तो कापला गेला की ते खोड संपले. सावलीसाठी लावलेले झाड म्हणून पामाचा उपयोगही थोडाच, तेव्हा नव्या लागवडीत त्याऐवजी कडुनिंब, करंज यांना जागा द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्याच्या धुळीचेही पानांना ओझे होते. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रे, पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात, म्हणून वरची धूळ मुख्यतः उजेड अडवते. उन्हाळ्यात दुपारी पाणी वाचवायला रक्षक पेशी रंध्रे मिटतात आणि कर्बवायू आत येणे जवळपास थांबते. अन्न तयार करायचे ते सकाळच्या काही तासांतच. तेवढ्यातही धूळ आडवी आली तर रोपाला काही उरत नाही. लहान झाडांना पाणी घालताना टँकरच्या पाइपने पानेही धुतली, तर जास्तीचा खर्च काहीच नाही. पाणी संध्याकाळी, आठवड्यातून एकदा २०-३० लिटर आणि बुंध्यावर न ओतता घेराच्या कडेला आळे करून द्यावे. रोज थोडे शिंपडले तर मुळे वरच्या थरातच राहतात.

नवी लागवड करताना पिशवी फाडून पूर्ण काढावी. पिशवीत गोल फिरलेली मुळे तीन-चार ठिकाणी उभी कापावीत, नाहीतर तीच पुढे जाड होऊन स्वतःच्याच बुंध्याला आवळतात. लोखंडी संरक्षक जाळी दरवर्षी तपासावी आणि खोडापासून चार बोटे अंतर उरले की काढून टाकावी.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही झाड तोडण्याच्या व्याख्येत येते. म्हणजे बुंध्याशी काँक्रीट ओतण्यापासून रोखायला नवा कायदा लागत नाही. रस्ता, गटार आणि केबलच्या प्रत्येक निविदेत तीन अटी लिहाव्यात: बुंध्याभोवती एक मीटर उघडी माती, चराचे सहापट अंतर आणि काम संपल्यावर किमान दोन वर्षे त्या झाडांची जबाबदारी ठेकेदाराकडे. झाड उशिरा वाळते, म्हणून अनामत रक्कमही तेवढाच काळ अडकवून ठेवावी. गड्डा यात्रा, गणेशोत्सव आणि लग्नसराईच्या रोषणाईला परवानगी देतानाच तारा काढण्याची तारीख लिहून घ्यावी आणि त्या दिवशी कुणीतरी जाऊन पाहावे.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक, सोलापूर