ड्रॉइंग येणाऱ्या पोरांसाठीही एक पान द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पेपरात करिअरवर लेख सुरू होतात, नीट, इंजिनिअरिंग, एमपीएससी सगळं असतं, पण स्टोरीबोर्ड, म्हणजे पिक्चरची गोष्ट आधी चौकटीत काढणाऱ्याचं करिअर कसं असतं हे कधी वाचायला मिळालं नाही. ‘कुंग फू पांडा’ हा ॲनिमेशन पिक्चर सोलापुरातल्या पोरांना पाठ आहे. त्याचा २०११ चा दुसरा भाग जेनिफर यू नेल्सन या बाईंनी एकटीने दिग्दर्शित केलाय. जन्म दक्षिण कोरियातला, लहानपणीच अमेरिकेत गेल्या, इलस्ट्रेशन शिकल्या आणि १९९८ ला ड्रीमवर्क्स स्टुडिओत स्टोरी आर्टिस्ट म्हणून लागल्या. २००८ च्या पहिल्या पांडाला त्या स्टोरी हेड होत्या, सुरुवातीचं ‘पो’ या पांडाचं स्वप्न त्यांच्याच हातचं. ते काम बघूनच पुढचा अख्खा पिक्चर त्यांच्याकडे आला असं मला वाटतं. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओची ॲनिमेशन फिल्म एकटीने करणाऱ्या त्या पहिल्या बाई, ऑस्करला नामांकनही मिळालं.

स्टोरीबोर्ड म्हणजे पिक्चर बनायच्या आधी सगळी गोष्ट चौकटीत काढून बघायची, कॅमेरा कुठं, कोण कुठून येणार, नजर कुठं थांबणार, दिग्दर्शनाचं निम्मं काम तिथंच होतं. दुसऱ्या भागात पोची आई त्याला मुळ्याच्या पेटीत लपवते आणि लांडग्यांना स्वतःच्या मागं पळवत नेते, तो सीन पोरांसोबत परत बघा, चित्र किती बोलतं ते कळेल.

माझी भाची आठवीत आहे. गड्डा यात्रेच्या वेळची नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक तिनं वहीत चौकटी आखून काढलीय, पहिली गच्चीवरून, दुसरी गर्दीतल्या पायांमधून, तिसरीत फक्त काठी पेलणाऱ्याचे हात. कुणी शिकवलेलं नाही तिला! पण आपल्याकडे ड्रॉइंगची एलिमेंट्री-इंटरमीजिएट परीक्षा द्यायची ती दहावीच्या वाढीव मार्कांसाठी, मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर, आणि घरचे म्हणणार आता अभ्यासाला लाग. ह्याचं फार वाईट वाटतं हो, हात चांगला असलेली पोरं पूर्व भागात, जुळे सोलापुरात, सगळीकडे आहेत.

तरी विनंती आहे, यंदाच्या करिअर पुरवणीत एक पान ह्या कामाला द्या, आणि शहरातल्या ड्रॉइंगच्या सरांनी-मॅडमनी वर्गात एकदा तरी पोरांकडून गोष्ट चौकटीत काढून घ्यावी, त्यातली चांगली आपण छापावीत.

आपली वाचक,
सोलापूर