गाडीखालच्या कोब्याबद्दल गवंडीमामांना जाहीर धन्यवाद

सोलापूर, हद्दवाढ भाग

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

काम संपलं, तुम्ही हिशेब केलात, चहा घेतलात आणि पुढच्या कामावर निघून गेलात. आभाराचे दोन शब्द बोलायला लागलं की "त्यात काय ताई, काम हाय आपलं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची नात वाचून दाखवेलच. आणि घरच्या गॅरेजला कुठली फरशी घालावी या विचारात जे कोणी असतील, त्यांनाही तुम्ही आम्हाला सांगितलेलं कळावं, असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमचं गॅरेज १२ बाय २० फुटांचं. आधीच्या ठेकेदाराने केलेला कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटची जमीन, मधोमध उललेला, एका कडेने खचलेला. रोज झाडलं तरी सुपलीभर करडी धूळ निघायची आणि ती घरभर व्हायची. माझे सासरे, अण्णा, काठी टेकत याच वाटेने फाटकापर्यंत जातात, दुसरी वाट नाही. त्यामुळे आम्हाला गाडीचं वजन झेलणारी जमीन हवी होती, पण तितकीच ओल्या पायाखाली न घसरणारीही हवी होती. ही दुसरी गोष्ट दुकानात कोणी विचारली नाही. तुम्ही आलात आणि अण्णांची काठी पाहून पहिला प्रश्न तोच केलात.

तुम्ही येईपर्यंत घरात चार मतं होती. दिराला ग्रॅनाइट हवं होतं. नवऱ्याच्या मित्राने इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर रंगासारखा चकचकीत थर, करून घेतलंय, त्याचे फोटो मोबाईलवर फिरत होते. दुकानदाराने पार्किंग टाइल्सचं दरपत्रक हातात ठेवलं होतं. शेजारी म्हणाले, पेव्हर ब्लॉक टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि काही न बोलता पहार मागितलीत. कोपऱ्यात हातभर जागा फोडलीत. कोबा जेमतेम अडीच इंचांचा निघाला आणि त्याच्याखाली थेट काळी माती. ना सोलिंग (हाताने रचलेल्या दगडांचा थर), ना मुरूम. ते ढेकूळ हातात चुरडत तुम्ही म्हणालात, "हिच्यावर सोनं जरी अंथरलं ना ताई, तरी उलणार."

मामा, आमचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेतात तिला पडलेल्या भेगा आपण दरवर्षी बघतो. पण तीच माती घराच्या फरशीखालीही तेच करते, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही वर काय दिसावं यावर वाद घालत होतो. तुम्ही मात्र खाली बघत होतात.

आणि तरीही तुम्ही कोणाचं मत धुडकावलं नाहीत. प्रत्येक पर्याय समोर ठेवून दाखवलात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

टाइलचं तुम्ही असं सांगितलंत. माणसं-सामानासकट दीड टनाची गाडी चार टायरांवर उभी असते, म्हणजे एकेका टायरखाली पावणेचारशे किलो, तेही पंजापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर. पार्किंग टाइल हे वजन सहज पेलते, पण तिच्याखाली सगळीकडे माल बसलेला असेल तरच. मग तुम्ही आम्हाला शेजारच्या गल्लीत तुमच्याच ओळखीच्या घरी नेलंत आणि तिथल्या फरशीवर चावीने टकटक करून ऐकवलंत. मधे भरीव आवाज, कोपऱ्याला पोकळ. जिथे पोकळ वाजत होतं, नेमक्या तिथल्याच टाइलांचे कोपरे उडाले होते. कारागीर मधे मालाचा गोळा टाकतो, टाइल ठोकून लेव्हलला आणतो आणि कडा तशाच रिकाम्या राहतात. घरात त्याने काही बिघडत नाही, माणसाचं वजन ते किती! गाडीचं चाक कोपऱ्यावरून गेलं की मात्र टाइल राहत नाही.

शहाबादीचा मोह मला होता. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचं. आपल्या भागात ही फरशी नाही असं जुनं घर सापडणार नाही, माझ्या माहेरीही तीच. तुम्ही स्वयंपाकघरातून लिंबाची फोड मागवलीत आणि अंगणात पडलेल्या शहाबादीच्या तुकड्यावर पिळलीत. बारीक बुडबुडे आले, थोड्या वेळाने पुसलं तर तिथे पांढुरका डाग. हा चुनखडीचा दगड, आम्लाने झिजतो; कोटा फरशीही त्याच जातीची. बॅटरीचं पाणी सांडलं किंवा कोणी अ‍ॅसिडने फरशी धुतली तर त्याची रया जाणार. शिवाय घासून गुळगुळीत केलेली शहाबादी ओली झाली की अण्णांच्या काठीला भरवसा नाही. "घरात घाला, झक्कास राहती. गाडीखाली नको," इतकंच तुम्ही म्हणालात. ग्रॅनाइटला आम्लाची तशी भीती नसते, पण पॉलिश केलेलं असेल तर तेही ओलं झाल्यावर घसरतं. दिराने ते स्वतःच मागे घेतलं.

इपॉक्सीला तुम्ही नावं ठेवली नाहीत, उलट कारखान्यांतून ती उत्तम चालते असं सांगितलंत. रेझिन आणि हार्डनर एकत्र करून ती लावतात, तेल मुरत नाही, पुसली की स्वच्छ. पण तिला खालचं काँक्रीट कोरडं लागतं. मग तुम्ही जुन्या कोब्याच्या धड भागावर दीड हात प्लास्टिकचा कागद अंथरलात, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्यात आणि "उद्या बघू" म्हणून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते, खालचा कोबा गडद पडला होता. भिंतीपलीकडे नारळाला रोज पाणी सुटतं, ती ओल मातीतून वर येत होती. अशा जमिनीवर इपॉक्सीला फोड येतात आणि तिचे पापुद्रे निघतात. साधी इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि आमच्या गॅरेजात दुपारनंतर थेट ऊन येतं, हेही तुम्ही टिपलं होतंत. कागदाची ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. इपॉक्सीचा विचार असेल त्यांनी एक रात्र तेवढं कराच.

पेव्हर ब्लॉक तर तुम्ही वापरलेतही, पण फाटकाबाहेरच्या पट्ट्यात. तिथून ड्रेनेजची आणि नळाची लाइन जाते. उद्या पाइप फुटला तर ब्लॉक उचलायचे, दुरुस्ती करायची, पुन्हा बसवायचे; तोडफोड नाही. ब्लॉक ६० मिलिमीटर जाडीचेच आणा, पायवाटेचे पातळ आणू नका, असं तुम्ही बजावलं होतं. नंतर मी वाचलं, आयएस १५६५८ या भारतीय मानकातही हलक्या वाहनांच्या रहदारीसाठी ६० मिलिमीटर आणि एम ३५ ग्रेडच (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) सांगितलेत. तुम्ही ते मानक कधी पाहिलंयत की नाही मला ठाऊक नाही, पण आकडा तोच निघाला.

आतल्या भागासाठी तुम्ही साधं काँक्रीट सुचवलंत आणि पैसा जिथे दिसणार नाही तिथे घालायला लावलात. काळी माती दोन फूट काढून टाकली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने भरला, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस, म्हणजे ठोकून दाबणं. मला वाटलं होतं, एकदम भरून वरून धुमस मारली की झालं. तुम्ही सांगितलंत की मार वरच्या चार-सहा इंचांपर्यंतच पोचतो, खालचं सैल राहतं आणि तेच पुढे खचतं. त्यावर सोलिंग, सोलिंगच्या फटी भरून वर मुरमाचा कच, मग ओल अडवायला जाड प्लास्टिक, आणि मग पाच इंचांचं काँक्रीट. पाच इंच जाडीने त्या जागेत बरोबर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, माल बसतो, हे तुम्ही उभ्या उभ्या तोंडी सांगितलंत. खांबांभोवती आणि भिंतीलगत अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी सोडलीत, कोबा आणि घर एकमेकांना ओढू नयेत म्हणून. ढाळ वीस फुटांत तीन इंच. नळीतल्या पाण्याने तो तुम्ही तीनदा तपासलात, कारण आमच्या जुन्या कोब्याचा ढाळ घराकडे होता.

माल कालवतानाचा प्रसंग मी विसरणार नाही. पोरं पाण्याची बादली उचलत होती, पातळ माल पसरायला हलका जातो. तुम्ही बादली हातातून काढून घेतलीत आणि सांगितलंत, पन्नास किलोच्या एका गोणीला पंचवीस लिटरच्या वर थेंब नाही. जादा पाणी नंतर वर येतं, सोबत सिमेंटची बारीक पूड आणतं, वरचा थर कच्चा राहतो. मग त्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई केली की त्या दिवशी कोबा आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात त्याचा पापुद्रा सुटतो. आमच्या घरभर होणाऱ्या धुळीचं कारण मला त्या दिवशी कळलं. तुम्ही वरचं पाणी आपसूक जाईपर्यंत थांबलात, मग रंधा, मग थापी, आणि शेवटी नव्या खराट्याने आडव्या रेघा ओढल्यात. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, न थांबता, हात न उचलता. त्या रेघांमुळे आज ओल्या कोब्यावरही अण्णांची काठी सरकत नाही. मामा, तुमचे सगळ्यात जास्त आभार मला या रेघांसाठी मानायचेत.

दुसऱ्या दिवशी मशीन आणून मधोमध सव्वा इंच खोल काप घेतलात. नवा कोबा मुद्दाम चिरलेला पाहून अण्णा अस्वस्थ झाले होते. तुम्ही त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसलात आणि समजावलंत की काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला चीर जाणारच असते. आपण सरळ रेघ दिली तर ती त्या रेघेतून जाते, नाही दिली तर वाटेल तिथून जाते. कामाच्या गडबडीत एका म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही एवढा वेळ दिलात.

आणि पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत दिवस काढावे लागतात, त्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी कोब्यावर पाणी उभं करायचं म्हणजे घरात भांडण. दोन इंचांचे वाफे भरायचे तर एका वेळेला हजार-अकराशे लिटर. तुम्ही मातीचे आळे बांधलेत, एकदाच भरून घेतलंत, आणि पुढे गोणपाट अंथरून धुण्याभांड्याचं नाही, पण पोहऱ्याने विहिरीचं चांगलं पाणी मारायला सांगितलंत. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आणि सावकाश ताकद धरणारं, होतं म्हणून पूर्ण दोन आठवडे. तुमचं काम केव्हाच संपलं होतं, मजुरी चुकती झाली होती, तरी सकाळी दुसऱ्या साइटवर जाताना तुम्ही फाटकातून डोकावायचात आणि गोणपाटाचं टोक उचलून हात लावून बघायचात. कोरडं असलं तर स्वतः पाणी मारून जायचात. गाडी आत घ्यायला नवरा उतावीळ झाला होता. "अठ्ठावीस दिवस बाहेर ऱ्हाऊ द्या," म्हणून तुम्ही त्यालाही थोपवलंत.

टाइल बसवायचं काम घेतलं असतंत तर चौरस फुटाच्या दराने तुमचे जास्त पैसे झाले असते आणि चार दिवसांत सुटला असतात. हे आम्हाला नंतर दुसऱ्या एका कारागिराने सांगितलं. तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत.

पावसाळा पार पडलाय. काप दिलेल्या रेघेत केसाएवढी चीर आली आहे, तुम्ही म्हणाला होतात तशीच, बाकी कुठे काही नाही. पाणी सगळं फाटकाकडे जातं. धूळ बंद झाली. इंजिन ऑइलचा एक डाग मात्र पडलाय. लगेच लाकडाचा भुसा टाकला म्हणून पसरला नाही, पण पूर्ण गेलाही नाही. उघड्या काँक्रीटला डाग पडतात हे तुम्ही आधीच सांगितलं होतं आणि आम्ही ते कबूल केलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

शेजारच्या वहिनींना त्यांच्या गॅरेजचं काम दिवाळीनंतर काढायचंय. त्यांनी टाइल्स आधीच आणून ठेवल्यात. मी त्यांना म्हटलंय, टाइल्स राहू द्यात, आधी मामांना पहार घेऊन एकदा येऊ द्या. तुमच्या सवडीचा दिवस नातीकडून कळवा. अण्णाही तुमची आठवण काढतात, त्यांच्या हातचा चहा झाल्याशिवाय जायचं नाही.

कळावे,
तुमची,
ताई